परवाची सुपारी

५ जून १९९९, शनिवार

आज एकदाची पाटी लागली. ‘सुलभा ई-मेल केंद्र, मलकपेठ’. मराठीत कशाला, इंग्रजीत मोठं आणि खाली तेलुगू-उर्दूत बारीक. आमचे हे, एकनाथराव, चहाचा कप घेऊन बाहेर आले, मान वाकडी करून पाटी वाचली आणि म्हणाले, “भाषा तीन, गिऱ्हाईक किती?” मी म्हटलं, मोजायला तुम्हीच बसाल, बघा.

तसं हे जानेवारीपासनं चालूच आहे, पुढच्या खोलीत, बिनपाटीचं. कोठीतली टायपिंग इन्स्टिट्यूट बंद केली तेव्हा सगळ्यांना वाटलं सुलभा आता पापड लाटणार. परवा मी ती इन्स्टिट्यूट काढली तेव्हाही असंच बोलले होते लोक. अठ्ठ्याहत्तर साल ते. तेव्हा नाही ऐकलं, आता काय ऐकणार. सोळा मशिनी विकल्या आणि एक कॉम्प्युटर घेतला. फोनची वायर त्याला जोडली की तो आधी कोकलतो, मग लागतो. निम्म्या गल्लीची मुलं अमेरिकेत नाहीतर सिंगापुरात आहेत. पत्र यायला पंधरा दिवस लागायचे, आता पंधरा मिनिटं. आईबाप येतात, मी वाचून दाखवते, ते सांगतात, मी टाइप करते. इंग्रजी अक्षरात मराठी. सवय होते.

मिनिटाला साठ शब्द अजून आहेत. बोटं म्हातारी झालेली नाहीत.

११ जून, शुक्रवार

आज एका गिऱ्हाइकाशी वाद झाला. त्याला भावाकडून आलेलं पत्र पुढं मेहुण्याला पाठवायचं होतं. मी नेहमीप्रमाणे साफ करून पाठवलं. तो म्हणतो, होतं तसंच का नाही पाठवलं?

होतं तसं म्हणजे कसं ते त्याला दाखवलं. आलेलं पत्र पुढं ढकललं की मशीन वर सगळा कचरा ओतते. कुणी पाठवलं, कुणाला, किती वाजता, आणि प्रत्येक ओळीच्या आधी एक बाण. शेजाऱ्यानं वाचून चुरगाळलेला पेपर हातात यावा तसं दिसतं. मी तो कचरा काढते, स्पेलिंग नीट करते, फापटपसारा कमी करते आणि साधा मजकूर पाठवते. उघडला की वाचता येतो. दुसरी रीत अटॅचमेंटची. त्यात अख्खं पत्र आहे तसं गुंडाळून, बंद लखोट्यासारखं जोडायचं. समोरच्यानं उघडला तर उघडला, नाहीतर तसाच पडून. त्यात व्हायरसची भीती, त्यामुळं ऑफिसवाले तर हातच लावत नाहीत.

माझ्या हातातनं जाणारं पत्र स्वच्छ गेलं पाहिजे. हा नियम मी मुलींना एकवीस वर्षं शिकवला, मशीन बदलली म्हणून तो बदलत नाही.

२० जून, रविवार

आज वरच्या मजल्यावरच्या मालनबाईंकडं पाहुणे आले होते, भाग्याला बघायला. भाग्यलक्ष्मी, पण एवढं लांबलचक नाव फक्त रेशनकार्डावर. अठ्ठावीस पूर्ण झाली. कोठीच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये आहे, गल्लीतल्या निम्म्या लोकांची शुगर तिला पाठ. तिचे वडील नामदेवराव गेल्यापासनं घरात ह्या दोघीच. दोघी एकमेकींशी बोलतात ते दूध आणलं का आणि गॅस बंद केला का, एवढंच.

मुलगा अभिजीत. मूळ पुण्याचा, तीन वर्षं इथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत, राहायला सिकंदराबादला. आईवडील, मीनाताई आणि दिलीपराव, खास पुण्याहून आले होते. मालनबाईंची मामेबहीण कुसुमताई पुण्यात असतात, त्यांनी हे स्थळ सुचवलेलं. मीनाताई कडक आहेत, पण माणूस सरळ. पोह्यात लिंबू कमी आहे हे त्यांनी सांगितलं आणि दुसऱ्यांदा घेतलेही.

मुलगा-मुलगी गच्चीवर गेले ते तासभर खाली येईनात. आली तेव्हा भाग्या हसत होती, तीही तोंडावर हात न ठेवता. तिचं ते नांदेडचं प्रकरण झाल्यापासनं मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. तिला हा मुलगा आवडलाय, हे सांगायला ज्योतिषी नको. जमू दे देवा, पोरीनं फार सोसलंय.

२४ जून, गुरुवार

दिलीपरावांच्या ऑफिसच्या पत्त्यावरून मेल आला. मजकूर मीनाताईंचा. मुलगी पसंत आहे. पण मुलीचं आधी कुठं ठरलं होतं असं त्यांच्या कानावर आलंय. तसं असेल तर त्यांची ना नाही, फक्त त्यांना ते तुमच्याकडून, लेखी कळायला हवं. शेवटी दिलीपरावांची एक ओळ: अटॅचमेंट पाठवू नये, ऑफिसात उघडत नाही.

मालनबाईंना वाचून दाखवलं. त्यांना इंग्रजी अक्षर येत नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, “त्यात काय. फेब्रुवारीत कुसुमला सगळं लिहिलं नव्हतं का आपण? तू टाइप केलंस. तेच पाठव. जसंच्या तसं.”

कुसुमताईंना तेव्हा सगळं लिहिलं होतं खरं. त्यांनी पुढं चांगलं तेवढंच सांगितलेलं दिसतंय. विचारावं तर त्या चारधामला गेल्यात.

२५ जून, शुक्रवार

फेब्रुवारीचं पत्र मशीनमधनं काढलं. पान दीड पान होतं. बाई घरच्या माणसाला बोलतात तशा बोलल्या होत्या, आणि मीही तेव्हा ते तसंच घेतलं होतं. पण हे सासरी जाणार. वरची तारीख-बिरीख काढली. कुसुमताईंच्या गुडघ्याची चौकशी काढली. मधले काही परिच्छेद काढले, ते नव्या लोकांना कळवायची काही गरज नाही, मुलीची बाजू पडते. राहिलं ते असं:

‘आमची भाग्यलक्ष्मी शिकलेली, कष्टाळू आहे. परवा नांदेडच्या एका स्थळाशी तिची सुपारी फुटली होती. हे आम्ही लपवत नाही. लपवाछपवी आम्हाला जमत नाही. पटत असेल तर पुढं बोलू.’

सुटसुटीत. साध्या मजकुरात, एका दमात वाचून होईल असं. एकनाथरावांना दाखवलं. ते म्हणाले, “पत्र आहे का तार?” त्यांना कधी काही पसंत पडलंय? पाठवून दिलं.

२८ जून, सोमवार

उत्तर नाही. आज भाग्या दवाखान्यातनं येताना दोनदा डोकावली. एकदा म्हणाली पावडरचा डबा राहिला होता का इथं. माझ्या केंद्रात पावडरचा डबा कशाला असेल.

२९ जून, मंगळवार

दुपारी फोन आला. मीनाताई. जे झालं ते तसंच लिहून ठेवते, कारण मला अजून कळलेलं नाही माझं काय चुकलं.

त्या म्हणाल्या, “ते पत्र तुम्हीच टाइप केलंत ना? एकच विचारते. नांदेडच्या स्थळाशी सुपारी फुटली, हे खरं?”

“खरं.”

“परवा?”

“हौ, परवाच. लिहिलंय ना तसं.”

“आणि हे तुम्ही इतकं सहज सांगताय.”

“मग काय रडून सांगू? झालं ते झालं. तुम्ही विचारलंत, आम्ही सांगितलं.”

“अहो, आम्ही वीस तारखेला येऊन गेलो तुमच्याकडे.”

“गेलात की. पोहे आवडले ना?”

फोन ठेवला त्यांनी.

संध्याकाळी मेल. दोन ओळी. योग जुळत नाही, मुलीला शुभेच्छा. मालनबाईंना वाचून दाखवला. त्या जिन्याचा कठडा धरून वर गेल्या. भाग्या दारात उभी होती. “राहू दे मावशी, तुम्ही परेशान होऊ नका,” म्हणाली. पण चेहरा असा झाला होता की माझ्याच्यानं बघवेना.

मला राग आलाय. लेखी मागितलं, लेखी दिलं. खरं सांगितलं की असं. सुपारी मोडलेली मुलगी नको होती तर सरळ म्हणायचं, ‘आमची ना नाही’ कशाला लिहायचं?

३० जून, बुधवार

ते पत्र आज दहा वेळा वाचलं. एक चूक नाही. शुद्ध, स्वच्छ, नम्र. एकनाथरावही वाचून म्हणाले, “यात चिडण्यासारखं काही नाही बाई.” म्हणजे खोट तिकडंच आहे.

२ जुलै, शुक्रवार

आज अभिजीत आला. एकटाच, हातात माझ्या पत्राचा छापील कागद, पुण्याहून फॅक्सनं मागवलेला. मी म्हटलं, आता काय राहिलंय? तो म्हणाला, “काकू, बसू का?” तोंड उतरलेलं होतं, म्हणून बसवला.

“हे पत्र मुळात कधीचं आहे?”

“फेब्रुवारीचं.”

“मग यावर तारीख कुठंय?”

“मी काढली. कचरा असतो तो सगळा.”

त्यानं एक श्वास घेतला. “आणि हे ‘परवा’?”

“परवा म्हणजे परवा.”

“म्हणजे तेवीस जून?”

मला हसूच आलं. “अरे शहाण्या, शहाण्णव साल. तेव्हा नामदेवराव होते.”

त्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं. मला वाटलं रडतोय, बघते तर खांदे हलतायत, हसत होता. म्हणाला, त्याच्या घरमालकीणबाई सत्यवती, त्या त्याला म्हणाल्या होत्या की परसों पाण्याची टाकी धुतली. तो विश्वासानं पाणी प्यायला. नंतर कळलं, टाकी धुतली त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासनं त्याला इथला परवा माहीत आहे. “काकू, पुण्यात परवा म्हणजे कालच्या आधीचा दिवस. तेवढा एकच.”

“मग त्याच्या आधीच्या दिवसांना काय म्हणता तुम्ही?”

“तारीख सांगतो,” तो म्हणाला.

हळूहळू डोक्यात शिरायला लागलं. मीनाताईंनी वाचलं ते असं: वीस तारखेला आम्ही मुलगी दाखवली, तेवीसला दुसरीकडं सुपारी फोडली, पंचवीसला हे कळवलं. वर मी फोनवर हौ, परवाच म्हणाले. पोह्यांचंही विचारलं. हे लिहिताना माझे कान गरम झालेत.

अभिजीतनं आईला फोनवर सगळं सांगून बघितलंय. त्या म्हणतात, तुला मुलगी आवडली म्हणून तू सबब काढतोस, कुठल्या मराठीत परवा म्हणजे तीन वर्षं? मूळ पत्र दाखव. त्याला मूळ पत्र अख्खं हवंय, तारखेसकट, अटॅचमेंट करून, म्हणजे कुणी हात लावलेला नाही हे दिसेल. वडिलांना ते उघडायला तो लावणार आहे. बटण कुठं आहे तेही त्यानंच दाखवलं. मला माहीत होतं बटण, कधी दाबलं नव्हतं.

मी म्हटलं, उद्या पाठवते.

उद्या का, हे त्याला सांगितलं नाही. मी कापलेलं त्यात सगळं आहे. तारीख हातानं टाइप करून पुन्हा साधा मजकूर पाठवता येईल, पण माझ्या हातच्या तारखेवर त्या बाई आता कशाला विश्वास ठेवतील? लखोटा पाठवायचा तर त्यात जे आहे ते सगळं जाणार. मुलीची बाजू पडेल म्हणून जे काढलं, ते मुलीच्या होणाऱ्या सासूच्या हातात. आणि नाही पाठवलं तर सासू होणारच नाही.

तो कापलेला मजकूर आज पुन्हा वाचला. फेब्रुवारीत टाइप करताना वाचला नव्हता बहुतेक. साठ शब्दांच्या वेगात वाचणं होत नाही.

३ जुलै, शनिवार

मालनबाईंना पुन्हा विचारण्यात अर्थ नव्हता, त्यांनी पहिल्याच दिवशी जसंच्या तसं सांगितलं होतं. विचारायचं तर भाग्याला. सकाळी ड्यूटीला निघाली होती, तिला आत बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि सगळं कबूल केलं. परवाचं, तारखेचं, फोनचं. मग मूळ पत्र उघडून दिलं आणि मी बाजूला उभी राहिले.

मी कापलं होतं ते हे:

‘पुढं ती सुपारी मोडली. आम्ही नाही, भाग्यानं. लग्नानंतर दवाखाना सोडावा लागेल असं त्यांनी सुपारी फुटल्यावर सांगितलं. मला आणि ह्यांना त्यांच्यापुढं तोंड उघडवेना. पोरगी एकटी एसटीनं नांदेडला गेली, त्यांच्या ओसरीवर बसून नाही म्हणाली, दिलेला चहा पिऊन परत आली. मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही. लोकांना काय सांगू, याचा घोर होता. पण कुसुम, तुला म्हणून सांगते. गौलीगुड्याच्या स्टँडवर ती बसमधनं उतरली तेव्हा वाटलं, मी हिच्याबरोबर जायला पाहिजे होतं. जायचं मनात होतं, पाय उचलला नाही. हे तिला सांगायचं मला अजून जमलेलं नाही.’

भाग्यानं वाचलं. मग पडद्यावरचं पत्र वर सरकवून पुन्हा वाचलं. स्टँडवर आई होती हेही तिला माहीत नव्हतं. “आली होती?” तिनं मला विचारलं, जसं काही मला माहीत असणार.

मग म्हणाली, “मावशी, हे कापलंत तुम्ही?”

“हौ.”

“का?”

“मुलगी एकटी जाऊन नाही म्हणून आली, हे वाचून सासरचे काय म्हणतील असं वाटलं.”

ती रागवली असती तर बरं झालं असतं. ओढणीनं तोंड पुसलं, पर्स उचलली आणि म्हणाली, “अख्खं पाठवा.”

मी आधी एक साधा मेल पाठवला: मागून बंद पत्र येतंय, कृपया उघडा, आधीच्या पत्रातली काटछाट माझी आहे, मालनबाईंची नाही. मग ते बटण दाबलं. एक अक्षर हलवलं नाही. गुडघ्याची चौकशीसुद्धा गेली.

पत्रात मोलाचं होतं ते मालनबाईंच्या मनातलं, आणि नेमकं तेच मी फापटपसारा म्हणून काढलं होतं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटलेली आठवत नाही. जेवताना एकनाथरावांना सगळं सांगितलं. ते थट्टा करतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

६ जुलै, मंगळवार

सकाळी मशीन लावली आणि उत्तर होतं. भाग्या आणि मालनबाई दोघींना खाली हाक मारली.

‘पत्र उघडलं. तारीख पाहिली. गैरसमज झाला, त्याबद्दल मालनबाईंची क्षमा मागते. तुमचा परवा मला पटलेला नाही, पण ते भांडण सवडीनं करू. पत्र मी दोनदा वाचलं. मुलगी एकटी जाऊन त्यांच्या ओसरीवर बसून बोलली, तर तशीच एकटी माझ्याकडे येऊ दे. नोकरीचं, घराचं, तिला काय विचारायचं ते माझ्या तोंडावर विचारू दे. अभिजीत मध्ये नको. तिला पटलं तर पुढचं ठरवू. मीना.’

मालनबाईंना नीट कळलं नाही. “कुठलं पत्र वाचलं म्हणतात त्या?” त्यांनी मला विचारलं. मी भाग्याकडं बघितलं. भाग्या त्यांच्याकडं न बघता मला म्हणाली, “मावशी, जरा सरका.” आणि स्वतः खुर्चीत बसली.

टायपिंग दोन बोटांचं. बघवत नव्हतं, पण मी हाताची घडी घालून उभी राहिले. चार ओळींना दहा मिनिटं लावली. मग उठली, घड्याळ बघितलं, ड्यूटीला उशीर झाला म्हणाली. दारात चप्पल घालता घालता म्हणाली, “आईला वाचून दाखवा. मग पाठवा.” आणि उत्तराची वाट न बघता फाटकाबाहेर गेली.

मालनबाई माझ्याकडं बघत बसल्या. “काय लिहिलंय गं?”

मी वाचलं.

‘मीनाकाकू, मी येते. पण एकटी येणार नाही. माझी आई माझ्याबरोबर येईल. नांदेडलाही तिला यायचं होतं, हे मला माहीत नव्हतं. भाग्यलक्ष्मी.’

त्या पदर तोंडाशी धरून पडद्याकडं बघत राहिल्या, त्यांना न येणाऱ्या अक्षरांकडं. बाहेर भाजीवाला ओरडून गेला, तरी बसूनच.

मग म्हणाल्या, “परत वाच.”

मी तीनदा वाचलं. मग पाठवलं.